सायकल टपावर, पाठीवर की पोटात?

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर आणि पुणे या दोन शहरांदरम्यान धावली. पुढे कित्येक वर्षे एसटीच्या टपावर माणसांच्या सामानाबरोबर सायकलीही प्रवास करीत. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची बदली झाली की ट्रंका आणि वळकट्यांबरोबर त्यांची सायकलही टपावर चढे. हमाल मागच्या शिडीने वर जाई, सायकल आडवी टाकी, काथ्याच्या दोरीचे दोन-तीन वेढे देई आणि गाठ मारून खाली उतरे. कंडक्टर लगेजचे तिकीट फाडी. सायकल वाटेत पडल्याचे मला एकदाही आठवत नाही.

आज त्याच रस्त्यावर रविवारी सकाळी उभे राहिले, तर वेगळेच दृश्य दिसते. मोटारींच्या टपावर, पाठीवर किंवा मागचे आसन दुमडून आत, अशा सायकली चाललेल्या असतात. कोणी भंडारदऱ्याला निघालेले असते, कोणी माळशेजच्या बाजूला. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून नगरच येते.)

मीही त्यांतलाच एक. दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सायकल चालवून आम्ही परत येत होतो. दोन सायकली टपावर उभ्या बांधल्या होत्या. राजूर सोडून अकोल्याकडे येताना एक मोटारसायकलस्वार आमच्या बरोबरीने आला आणि हात वर करून ओरडू लागला. गाडी बाजूला घेतली. पाहतो तो एका सायकलीची मागची दोरी सुटलेली आणि ती सायकल केवळ पुढच्या दोरीवर लोंबकळत असलेली. मोटारसायकलवर त्याच्या मागे पत्नी होती आणि दोघांच्या मध्ये लहान मूल. बराच वेळ ते आमच्या मागूनच येत होते.

त्या दिवशी कोणाला काही झाले नाही. पण मी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला माणूस, आणि नववीच्या मुलाला जमेल असा हिशेब मी सायकली बांधण्यापूर्वी केला नव्हता. पारनेर तालुक्यातील एका शिक्षक मित्राने अलीकडेच विचारले, "चार मुलांना सायकलींसह भंडारदऱ्याला न्यायचे आहे. सायकली कशा न्याव्यात?" तेव्हा मी तो हिशेब आधी कागदावर मांडला. तोच येथे देत आहे.

आपण कशाविरुद्ध बांधतो?

ओझे बांधताना आपल्या मनात एकच बल असते, ते म्हणजे वजन. सायकल १५ किलोची आहे, दोरी ५० किलो पेलते, मग काळजी कसली? पण वजन तर खालच्या दिशेने असते. ते पेलायला गाडी आहेच. दोरीचे काम वेगळेच असते. धावत्या गाडीवर हवा ओझ्याला मागे ढकलते. ब्रेक लावला की जडत्वामुळे ओझे पुढे जाऊ पाहते, वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते आणि गतिरोधकावर वर उडते. यांपैकी कोणते बल किती मोठे असेल, हे ओझे गाडीवर कोठे ठेवले आहे आणि गाडी किती वेगाने जाणार आहे, यावर ठरते. म्हणून आधी जागेचा निर्णय आणि मग दोरीचा. आपण बहुतेक जण याच्या उलट करतो.

टपावर: हवेचा हिशेब

हवेचा रोध पुढील सूत्राने मिळतो:

रोध = १/२ × हवेची घनता × रोधगुणांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे उबदार दिवशी हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम असते. टपावर उभ्या केलेल्या दोन सायकली आणि त्यांचा सांगाडा मिळून रोधगुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.३ चौरस मीटर धरू. हा अंदाज आहे. सायकली आणि सांगाडा बदलले की तो बदलेल, पण हिशेबाची रीत तीच राहील.

ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. या वेगाला रोध येतो सुमारे ४६ न्यूटन, म्हणजे पावणेपाच किलोच्या ओझ्याइतका. ताशी ९० किमीला तो १०३ न्यूटन होतो आणि ताशी १२० किमीला १८३ न्यूटन. वेग दुप्पट झाला की रोध चौपट झाला. सुमारे १९ किलोचे ओझे दोरीला बांधून सतत मागे ओढत ठेवावे, तशी ही अवस्था असते.

१२० हा आकडा उगाच घेतलेला नाही. समृद्धी महामार्ग नगर जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किमीपर्यंत वेगाची मुभा आहे. सायकलींना त्या रस्त्यावर प्रवेश नाही, म्हणजे सायकल तेथे गेली तर दुसऱ्या वाहनावर बसूनच जाणार.

वाऱ्याचीही यात भर पडते. गाडी ताशी ६० किमीने जात असेल आणि समोरून ताशी ३० किमीचा वारा असेल, तर सायकलीच्या दृष्टीने वेग ९० झाला. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारे जोरात वाहतात, तेव्हा नगरहून पुण्याकडे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. वेगमापक ६० दाखवीत असेल, पण दोरी ९० चा ताण सोसत असेल.

पवनचक्कीचा धडा

याच रस्त्यावर सुप्याजवळच्या माळावर, कवड्या डोंगराच्या परिसरात, पवनचक्क्या उभ्या आहेत. आपल्या विषयाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. वाऱ्यापासून मिळू शकणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणूनच पवनचक्क्यांसाठी वारे वाहणारी जागा मुद्दाम शोधावी लागते.

टपावरची सायकल हीच गोष्ट उलट्या दिशेने करते. तिच्यावरील रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्या रोधाविरुद्ध गाडी पुढे नेण्यासाठी लागणारी शक्ती, म्हणजे रोध गुणिले वेग, ही घनाने वाढते. वरच्या उदाहरणात ताशी ६० किमीला या सायकलींसाठी इंजिनाला सुमारे ७६० वॅट जादा द्यावे लागतात, तर १२० ला ६,१०० वॅट. पवनचक्कीला जो घन वरदान, तोच आपल्याला दंड.

एका लहान मोटारीचा स्वतःचा हवेचा रोध आणि चाकांचे घर्षण यांच्याशी याची तुलना केली, तर ताशी ६० किमीला एकूण विरोध सुमारे एक पंचमांशाने वाढतो, ९० ला पाव भागाहून थोडा अधिक आणि १२० ला सुमारे एक तृतीयांश. इंधनाचा खर्च अगदी याच प्रमाणात वाढेल असे नाही, पण कल हाच राहील.

टपावर: उंचीचा हिशेब

माणसांसह १,००० किलोच्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमीवर आहे असे समजू. दोन सायकली आणि सांगाडा मिळून ३८ किलो ओझे टपावर ठेवले. या ओझ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे २.१ मीटरवर येतो. आता एकत्रित गुरुत्वमध्य किती वर गेला?

(१,००० × ०.५५ + ३८ × २.१) ÷ १,०३८ = सुमारे ०.६१ मीटर

म्हणजे जवळजवळ ६ सेंमी वर. ओझे गाडीच्या चार टक्केही नाही, पण गाडीचा स्थिरपणा दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला. एवढ्याने गाडी उलटत नाही. मात्र घाटातील वळणावर ती नेहमीपेक्षा जास्त झुकते आणि हे चालकाला माहीत असायला हवे.

शिवाय टपाने किती वजन पेलावे याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक लहान गाड्यांत ती ५० किलोच्या आसपास असते आणि त्यात सांगाड्याचे वजनही धरायचे असते. आणखी एक धोका स्मरणशक्तीचा आहे. दीड मीटर उंचीची गाडी टपावर सायकल उभी केल्यावर अडीच मीटरहून उंच होते. तीन तास गाडी चालवल्यावर हे विसरायला होते, आणि मुक्कामाच्या ठिकाणची कमान किंवा वडाची खाली आलेली फांदी आपल्यासाठी वर सरकत नाही.

पाठीवर: तरफेचा हिशेब

मागच्या दारावर पट्ट्यांनी अडकवण्याचा सांगाडा मिळतो. त्यावर सायकली आडव्या दिशेने, म्हणजे एक चाक डावीकडे आणि एक उजवीकडे, अशा टांगल्या जातात. मोटारीच्या मागे हवेचा जो शांत पट्टा असतो, त्यात सायकलीचा बराच भाग येतो. त्यामुळे रोध टपापेक्षा पुष्कळ कमी वाढतो. सायकल उचलून डोक्यावर धरावी लागत नाही, हाही एक फायदा.

पण येथे तरफ काम करू लागते. मागचा आस हा टेकू समजा. सायकली आणि सांगाडा मिळून ४० किलो ओझे त्या आसाच्या ०.९ मीटर मागे आहे आणि दोन आसांमधील अंतर २.४ मीटर आहे. मग पुढच्या आसावरचा भार ४० × ०.९ ÷ २.४, म्हणजे १५ किलोने कमी होतो आणि मागच्या आसावरचा ५५ किलोने वाढतो. चाळीस किलो ठेवले आणि मागच्या चाकांवर पंचावन्न आले! पुढची चाके दिशा देणारी, तीच थोडी हलकी होतात. गाडीचे नाक किंचित वर होते आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे सामानही भरले असेल तर परिणाम आणखी वाढतो.

दुसरा प्रश्न रुंदीचा. मोठ्या माणसाची सायकल सुमारे १.७ मीटर लांब असते. अनेक लहान मोटारींची रुंदी १.५ ते १.७ मीटर असते. म्हणजे चाक बाहेर डोकावणार, आणि आपल्याला ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याच्या उंचीवर डोकावणार. यावर उपाय सोपा आहे. पुढचे चाक काढले की दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १.०२ मीटर आणि मागच्या चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर, असे १.३६ मीटर उरतात. काम झाले.

तिसरी गोष्ट, सायकलींमुळे मागची नंबरपट्टी आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीने परवानगीपेक्षा बाहेर जाणाऱ्या ओझ्यासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण दंडापेक्षा महत्त्वाचे हे की आपण ब्रेक लावल्याचे मागच्याला दिसायला हवे.

पोटात: जडत्वाचा हिशेब

मागचे आसन दुमडून, चाके काढून सायकल आत ठेवली तर हवेचा प्रश्नच मिटतो. गुरुत्वमध्य खाली राहतो, पाऊस-धूळ लागत नाही, चहाला थांबल्यावर चोरीची भीती नाही. जागा मात्र जाते. दोन सायकली घेतल्या की दोनच माणसे.

येथे फसवणारी गोष्ट म्हणजे सुरक्षिततेची भावना. गाडी ताशी ५० किमीने जात असताना आदळली आणि एक दशांश सेकंदात थांबली असे समजा. त्वरण येते सेकंदाला सेकंदाला १३९ मीटर. पंधरा किलोची सायकल त्या क्षणी सुमारे २,१०० न्यूटन बलाने पुढे जाऊ पाहते. हे २१० किलोच्या वजनाइतके बल, आणि समोर माणसाची पाठ! म्हणून आत ठेवलेली सायकलही गाडीतील पक्क्या कड्यांना बांधलीच पाहिजे आणि तिचे दाते व पेडल माणसांच्या विरुद्ध बाजूला हवेत.

माझी दोरी का सुटली?

आता राजूरच्या रस्त्याकडे परत येऊ. आमचा वेग ताशी पन्नास-साठच होता, म्हणजे हवेचा रोध फार नव्हता. दोरीही तुटली नव्हती. ती हुक असलेली रबरी दोरी होती, मोटारसायकलवर पिशव्या बांधायला वापरतात ती. तिचा हुक निसटला होता.

रबरी दोरी म्हणजे स्प्रिंग. सायकलीच्या वजनाने ती १० सेंमी ताणली जात असेल, तर त्या सायकलीचा आंदोलनकाल १० सेंमी लांबीच्या लंबकाइतकाच असतो. दोन्हींचे सूत्र एकच आहे. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १.६ आंदोलने येतात. आणि मोटारीचे धूड तिच्या स्वतःच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा खाली-वर होते. दोन आकडे किती जवळ आहेत पाहा! झोका देणाऱ्याने झोक्याच्या तालावर धक्के दिले की झोका वाढत जातो. याला अनुस्पंदन म्हणतात. प्रत्येक गतिरोधकावर गाडी झुलत होती आणि तिच्या तालावर सायकल अधिकाधिक झुलत होती. एका उसळीत दोरी सैल पडली आणि हुक बाहेर आला.

म्हणून रबरी दोरी हा मुख्य आधार कधीच असू नये. न ताणणारा पॉलिएस्टरचा पट्टा आणि खटका असलेली कडी वापरावी. नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ती ताणते आणि भिजल्यावर आणखी सैल होते. सायकलीला किमान तीन ठिकाणी धरावे: दोन्ही चाके आणि सांगाड्याची नळी. शिवाय एक वेगळी दोरी राखीव, म्हणजे एक बंध सुटला तरी सायकल रस्त्यावर येणार नाही. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे बंध हाताने ओढून पाहावेत, आणि नंतर प्रत्येक थांब्यावर.

हे सारे कशासाठी? ताशी ६० किमी वेगाने गाडीवरून सुटलेल्या १५ किलोच्या सायकलीत सुमारे २,१०० जूल गतिज ऊर्जा असते. ती सायकल १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली टाकल्यासारखे हे आहे. ताशी ९० किमीला ही उंची ३२ मीटर होते. रस्त्याच्या कडेने शाळेत चाललेल्या मुलांचा विचार करावा, म्हणजे आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

मग काय निवडावे?

एक-दोन सायकली आणि दोनच माणसे असतील, तर सायकली पोटात घ्याव्यात. माणसे अधिक असतील, रस्ता लांबचा आणि वेगाचा असेल, तर पाठीवर, पुढचे चाक काढून. माणसे अधिक पण रस्ता जवळचा, सावकाश जाण्याचा असेल आणि पुस्तिकेतील मर्यादा पाळता येत असेल, तर टपावर चालेल. टपावर सायकल असताना वेग ताशी ८० किमीच्या पुढे नेऊ नये, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. घनाचा नियम पाहिल्यावर तो पाळणे जड जात नाही.

शिक्षक मित्राला मात्र मी यांपैकी काहीच सुचवले नाही. चार मुले, दोन शिक्षक आणि सहा सायकली एका मोटारीला झेपणाऱ्या नाहीत. एक लहान मालवाहू टेम्पो, ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो तो, भाड्याने घ्यावा. सायकली त्यात उभ्या, एकीचे तोंड पुढे तर दुसरीचे मागे, मध्ये जुनी पोती किंवा घोंगड्या घालून बांधाव्यात. सर्व मिळून शंभर किलोच्या आसपास ओझे, तेही कठड्याच्या आत आणि खाली. मुलांनी मात्र मागून मोटारीत किंवा एसटीने यावे. मालाच्या हौद्यात सायकलींबरोबर मुलांना बसवू नये, कितीही आग्रह झाला तरी.

वर्गात करून पाहण्यासारखे

तरफेचा प्रयोग सोपा आहे. दोन वजनकाटे ८० सेंमी अंतरावर ठेवून त्यांवर लांब फळी ठेवावी आणि फळीच्या मध्यावर दोन विटा ठेवाव्यात. आता मागच्या काट्याच्या ३० सेंमी पलीकडे ३ किलोचे वजन ठेवावे. मागचा काटा सुमारे ४.१ किलोने वाढेल आणि पुढचा १.१ किलोने उतरेल. ३० आणि ८० यांचे गुणोत्तर आपल्या मोटारीतील ०.९ आणि २.४ च्या गुणोत्तराइतकेच आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

अनुस्पंदनासाठी रबरी दोरीला दगड टांगावा, दोरी किती ताणली ते मोजावे आणि तेवढ्याच लांबीचा लंबक शेजारी हलवावा. दोन्ही जवळजवळ एकाच तालात हलतात. मग दोरीचे वरचे टोक हातात धरून त्याच तालावर हळू हळू वर-खाली करावे. दगड किती उसळतो हे पाहिलेला विद्यार्थी रबरी दोरीवर पुन्हा विसंबणार नाही.

राहता राहिला वडिलांच्या सायकलीचा प्रश्न. काथ्याच्या दोरीवर ती इतकी वर्षे सुखरूप कशी गेली? हमालाने ती आडवी टाकली होती, म्हणून तिचा गुरुत्वमध्य टपाला लागून होता. काथ्याची दोरी खरखरीत. आणि एसटी जाई ताशी पंचेचाळीसच्या आसपास. या वेगाला हवेचा रोध ताशी ९० किमीच्या रोधाच्या एक चतुर्थांश असतो. हमालाला सूत्र माहीत नव्हते, पण त्याची रीत त्याच्या वेगाला पुरी पडत होती. आपण त्याच रस्त्यावर दुपटीने वेग वाढवला आणि बांधण्याची रीत मात्र अंदाजावरच ठेवली. तेवढा हिशेब आता आपल्याला करायचा आहे.